गदाधरपंत आणि सुखाचा दगड

एका जंगलात, बाळांनो, एका कासवाला एक विचार सुचला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं. पण जंगलात विचार सुचणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. तिथे भूक लागते, झोप येते, खाज सुटते. विचार सुचत नाही. तसा तो गावातही सुचत नाही, पण गावात सुचल्यासारखा चेहरा करून बसता येतं. माझा स्वतःचा उदरनिर्वाह त्याच चेहऱ्यावर चालतो, तेव्हा त्याबद्दल मी जास्त बोलणं बरं नाही.

तर त्या कासवाचं नाव गदाधरपंत. नदीपासून जरा आत, करंजाच्या झाडांखाली एक छोटा डोह होता, त्यात पंत राहायचे. डोहाच्या एका अंगाला दगडमातीचा बांध होता. त्यानं पाणी अडलेलं असायचं, हिरवंगार आणि गार. दुपारी करंजाची सावली पाण्यावर पडायची आणि पंत त्या सावलीत नुसती नाकपुडी वर ठेवून तरंगायचे. त्यांचा त्या डोहावर फार जीव होता. किती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आणि चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. कासवाला चेहरा असतो, पण एकच असतो.

डोहासमोरच्या वाळूत त्यांची शेजारीण राहायची, अनसाबाई टिटवी. अनसाबाईंचं कसं होतं, की त्या ओरडायच्या. पान पडलं की ओरडायच्या. नाही पडलं तर का पडलं नाही म्हणून ओरडायच्या. झोपताना पाय वर करून झोपायच्या, म्हणजे आभाळ कोसळलंच तर धरता येईल, आणि मध्येच जागं होऊन ओरडायच्या. कोल्हा आला तरी तसंच ओरडायच्या, आणि त्या ओरडण्यानं पंतांनी कितीदा तरी वेळेवर मान आत घेतली होती. पंत त्याबद्दल कधी आभार मानायला गेले नाहीत. शेजारधर्म असाच चालतो.

त्या जंगलात तंट्याचा निवाडा वाघमहाराज करायचे. पद्धत जुनी होती. दोघं भांडत आले की महाराज विचारायचे, तुमचे आजोबा काय म्हणायचे? ज्याच्या आजोबांचं म्हणणं जास्त जुनं, तो जिंकायचा. त्यामुळे झालं असं, की प्रत्येकाचे आजोबा दर उन्हाळ्यात आणखी म्हातारे होत गेले. ससा तर सांगायला लागला, की समोरचा डोंगर रांगत होता तेव्हापासून आमच्या आजोबांचं तिथे बीळ आहे. महाराजांचं डोकं उठलं.

अशा वेळी गदाधरपंत पुढे आले. पुढे आले म्हणजे सकाळी निघाले आणि दुपारी पोचले.

म्हणाले, महाराज, आजोबांना सोडा. ज्या गोष्टीनं जंगलात जास्त सुख होतं ती चांगली. ज्या गोष्टीनं सुख कमी होतं ती वाईट. एवढं धरून चाललं की कुणाच्या आजोबांना उठवावं लागणार नाही.

इतकं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही, असं प्रत्येकाला वाटलं. ससा जरा नाराज झाला, त्याची आजोबांवर बरीच मेहनत झाली होती.

महाराजांनी मिशीवरून जीभ फिरवली आणि हळूच विचारलं, "आणि माझं जेवण?"

आता पंचाईत आली. महाराजांच्या एका जेवणात एकाला सुख होतं आणि एकाला जे होतं ते सांगायला तो उरत नाही. हरणांच्या कळपानं कान टवकारले. पंतांनी डोळे मिटून विचार केला.

"महाराजांचं जेवण हा नीतीचा प्रश्नच नाही," पंत म्हणाले. "ती परंपरा आहे."

महाराजांनी तिथल्या तिथे पंतांना जंगलाचे न्यायाधीश नेमलं. असे विद्वान मला फार आवडतात. तत्त्व सुरू कुठून करायचं ते कुणालाही कळतं. कुठे थांबवायचं हे कळायला अंगात हुशारी लागते.

पाणवठ्याजवळ एक सपाट दगड होता, त्यावर पंत बसायला लागले. सगळे त्याला सुखाचा दगड म्हणू लागले. रीत ठरली. भांडणाऱ्या दोघांनी दगडासमोर यायचं. हवं ते मिळालं तर किती सुख होईल ते करून दाखवायचं. नाही मिळालं तर किती दुःख होईल तेही करून दाखवायचं. पंत बघणार, मनात तोलणार आणि सांगणार.

त्यात पंतांनी एक बारीकशी अट घातली. ज्याची जी रोजची सवय असेल ती वजा करायची. मोर नाचला म्हणून लगेच त्याला सुखी धरायचं नाही, तो तसाही नाचतो. ही अट ऐकून तर प्राण्यांनी तोंडात बोटं घातली. ज्यांना बोटं नव्हती त्यांनी नुसतं तोंड उघडं ठेवलं.

आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं चाललं. एक साळिंदर भर वाटेत झोपायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात काटे मोडायचे. पंतांनी त्याला बाजूच्या झुडपात झोपायला सांगितलं. सगळ्यांचे पाय वाचले, साळिंदरालाही झुडूप मऊ लागलं. पंतांना त्या दिवशी झोप लागेना. आपण काहीतरी फार मोठं काम करतो आहोत असं त्यांना वाटत होतं. डोहात तरंगताना त्यांनी अनसाबाईंना हाक मारून सांगितलंसुद्धा, की आता जंगलात कुणावर अन्याय होणार नाही. अनसाबाई ओरडल्या. पंतांनी ते कौतुक समजून घेतलं.

मग जांभळाचं प्रकरण आलं. झाडाखाली पडलेली जांभळं कुणाची, यावरून भेकर आणि गुलाबमास्तर हुप्प्या यांच्यात जुंपली होती. गुलाबमास्तर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर. भेकर पिढ्यान्पिढ्या तीच जांभळं खाऊन राहत होतं. त्याला सुख दाखवायला सांगितलं, तर त्यानं एक कान हलवला. दुःख दाखवायला सांगितलं, तर दुसरा हलवला. बिचारं लाजाळू होतं.

गुलाबमास्तर पुढे आले. सुख म्हणून त्यांनी चार कोलांट्या मारल्या, फांदीला शेपटीनं लोंबकळले आणि टाळ्या वाजवल्या. दुःख म्हणून छाती बडवली, केस उपटले आणि जमिनीवर असे पडले की दोन सशिणींच्या डोळ्यांत पाणी आलं. कोलांट्यांमधून रोजच्या कोलांट्या वजा केल्या तरी पुष्कळ उरत होतं. पंतांनी जांभळं गुलाबमास्तरांना दिली. भेकरानं पुन्हा एक कान हलवला. कोणता, ते कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी गुलाबमास्तरांनी शिकवणी काढली. सुख कसं दाखवावं आणि दुःख कसं दाखवावं, दोन्ही विषय पक्के करून मिळतील. फी म्हणून उंबरं घ्यायचे. गर्दी उसळली. रानडुकरं हुंदके द्यायला शिकली. ससे एकमेकांच्या गळ्यात पडायला शिकले. लाजाळू प्राण्यांसाठी वेगळी तुकडी होती, पण ते लाजून तिकडे गेलेच नाहीत.

शिकवणीला जागा कमी पडू लागली. कोलांट्यांना मोकळं मैदान हवं. तसं मैदान एकच होतं, डोहासमोरची वाळू. आणि त्या वाळूत, एका उथळशा खळग्यात, अनसाबाई अंड्यांवर बसल्या होत्या.

प्रकरण दगडासमोर आलं. गुलाबमास्तरांनी सगळी शिकवणी बरोबर आणली होती. मैदान मिळालं तर किती सुख होईल, ते सगळ्यांनी मिळून दाखवलं. धूळ इतकी उडाली की महाराज शिंकले.

मग अनसाबाई उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. पंख पसरून, मान ताणून ओरडल्या. बराच वेळ ओरडल्या.

पंत ऐकत होते. त्यांची मान आपोआप जराशी आत गेली. ती का गेली, ते त्यांना कळलं. त्यांना वाईट वाटत होतं. पण पंत तत्त्वाचे पक्के. ते स्वतःशीच म्हणाले, गदाधरा, ती तुझी शेजारीण आहे म्हणून तुला तसं वाटतंय. तुझं वाटणं हे एकट्याचं वाटणं, इकडे अख्खी शिकवणी उभी आहे. त्यांनी मान ओढून बाहेर काढली.

आणि म्हणाले, अनसाबाईंचं ओरडणं तर सवयीचं आहे. पान पडलं तरी त्या इतक्याच ओरडतात. सवयीचं वजा करायचं असं ठरलंय. वजा केल्यावर काही उरत नाही.

अनसाबाई गप्प झाल्या. जंगलानं त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या दगडाच्या अगदी जवळ आल्या.

"पंत, इतकी वर्षं माझा आवाज ऐकताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "हा रोजचा आहे का?"

"ऐकायला तसाच लागला," पंत म्हणाले. मग त्यांना ते फार कोरडं वाटलं, म्हणून त्यांनी समजूत घालायला पुढे जोडलं, "अंडी काय, पुन्हा घालता येतील. एकूण सुखाकडे बघा."

टिटवीला अंडी उचलून नेता येत नाहीत, बाळांनो. हे पंतांना माहीत होतं. त्या संध्याकाळी वाळूत कोलांट्या सुरू झाल्या. अनसाबाई थोडा वेळ वरून घिरट्या घालत राहिल्या आणि मग डोंगरापलीकडच्या माळाकडे निघून गेल्या. तेव्हा त्या ओरडत होत्या की नाही, हे शिकवणीच्या गोंगाटात कुणाला ऐकू आलं नाही. रात्री डोहावर शांतता होती. छान झोप लागेल असं पंतांना वाटलं होतं, पण त्यांना सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं.

यानंतर आले आनंदराव तरस.

आनंदरावांना शिकवणीची गरज नव्हती. ते जन्मापासून हसत होते. बसता हसत, उठता हसत, पायात काटा मोडला तरी खदखदून हसत. ते दगडासमोर नुसते उभे राहिले की समोरच्याच्या छातीत धडकी भरायची. थंड गुहा त्यांना मिळाली. दाट सावली त्यांना मिळाली. महाराजांच्या जेवणातली उरलेली हाडं तर न मागता मिळाली.

मुंगसानं एकदा हरकत घेतली. म्हणालं, टिटवीचं ओरडणं सवयीचं म्हणून वजा केलंत, मग याचं हसणं का नाही? प्रश्न बिनतोड होता. पंत विचारात पडले. पण तेवढ्यात प्राण्यांनीच मुंगसाला गप्प केलं. एक जण एवढा सुखी आहे, तर त्याला सुखी असण्याची शिक्षा करायची का? पंतांना हे पटलं. दुःख वजा केलं तर कुणाचं बिघडत नाही, पण सुख वजा केलं तर जंगलाचं एकूण सुख कमी होणार. आणि आनंदराव आल्यापासून जंगल पूर्वीपेक्षा कितीतरी सुखी झालं होतं. बाकी सगळ्यांचं कमी झालेलं आनंदराव एकटे भरून काढत होते.

एका दुपारी आनंदराव डोहावर आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते काठाशी बसले. हसत होतेच.

"पंत, एक सांगू का," ते म्हणाले. "मला हसू येत नाही हो. माझं तोंडच असं आहे."

पंतांनी नाकपुडी पाण्यातून वर काढली. आनंदराव सांगत राहिले. गुहा मिळाली पण तिथे त्यांना एकट्याला भीती वाटते. हाडं मिळतात पण बरोबर बसून खायला कुणी नाही, सगळे लांबून बघतात. रडायचं म्हटलं तरी तोंडातून हसूच बाहेर पडतं. एवढं सांगून ते पोट धरून हसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पंतांनी आजूबाजूला बघितलं. हे बाहेर कळलं, तर सगळेच निकाल मोडीत निघणार. पंत पुन्हा विचारात पडले आणि त्यांचा विचार पुन्हा त्यांच्या सोयीच्या जागी येऊन थांबला. विचारांची ही खोड मला चांगली ठाऊक आहे, माझेही तिथेच येऊन थांबतात. पंत म्हणाले, आनंदराव, हे आपल्यातच राहू द्या. खरं कळलं तर जंगलाला दुःख होईल. आनंदरावांनी हसत हसत मान हलवली.

मग उन्हाळा लागला आणि सर्जेराव रानडुकराच्या डोक्यात महोत्सव शिरला. चिखल महोत्सव. सर्जेराव म्हणजे भारी असामी. सुळे मोठे, आवाज मोठा, मागे दहा जण. त्यांचं म्हणणं, जंगलाला लोळायला एक मोठा, मऊ, सर्वांना पुरेल असा चिखल हवा. त्यासाठी फक्त एक करायचं. डोहाचा बांध फोडायचा, की सगळं पाणी वाळूत पसरेल. नदी आहेच प्यायला. मग हरकत कुणाची?

पंत दगडावर बसले होते. त्यांनी विचारलं, कोणता डोह?

जंगलात डोह एकच होता.

पंतांनी आधी कायद्यातून वाट काढून पाहिली. म्हणाले, आजच्या सुखाबरोबर पुढचं सुखही बघायला पाहिजे. सर्जेराव म्हणाले, महोत्सव दरवर्षी करू. पंत म्हणाले, चिखलातल्या सुखापेक्षा विचारातलं सुख उंच असतं. सर्जेराव म्हणाले, मग पंतांनी चिखलात बसून विचार करावा. प्राणी हसले. हसले, तेही सर्जेरावांच्या पारड्यात पडलं. शेवटी पंत अगदी हळू आवाजात म्हणाले, की आमचे आजोबा याच डोहात राहायचे. सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं आणि पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महाराजांनी ठरवलं, की ज्याचं भांडण त्यानंच निकाल देणं बरं दिसत नाही. म्हणून या प्रकरणापुरते आनंदराव दगडावर बसतील. जंगलात सर्वांत सुखी तेच, म्हणजे सुख त्यांनाच जास्त कळणार. पंतांनी नेहमीप्रमाणे रीतीनं यावं आणि आपलं दुःख दाखवावं.

त्या संध्याकाळी पंत गुपचूप गुलाबमास्तरांच्या शिकवणीला गेले. एक उंबर तोंडात धरून गेले, त्यामुळे वाटेत कुणाशी बोलता आलं नाही. ते एका अर्थी बरंच झालं.

गुलाबमास्तरांनी मनापासून मेहनत घेतली. हे मला मुद्दाम सांगायला हवं, कारण शिकवणीवाल्यांना हल्ली कुणी चांगलं म्हणत नाही. ते म्हणाले, ओठ खाली पाडा. पंतांना ओठ नव्हते. बरं, भुवया वर. भुवया नव्हत्या. बरं, छाती बडवा. पंतांची छाती खालच्या बाजूला होती, तिच्यावर ते स्वतःच उभे होते. मास्तर म्हणाले, निदान जमिनीवर लोळण तरी घ्या. पंतांनी प्रयत्न केला. ते उलटे झाले आणि तसेच राहिले. दोन विद्यार्थ्यांनी मिळून त्यांना सरळ केलं.

मास्तरांनी हात टेकले. उंबर परत द्यायला निघाले. पंतांनी घेतलं नाही.

मास्तरांना दया आली. त्यांनी विचारलं, पंत, तुम्हाला खरंच वाईट वाटतं तेव्हा काय होतं? पंतांनी खूप विचार केला आणि म्हणाले, मान जराशी आत जाते. मास्तरांनी डोकं खाजवलं. म्हणाले, अहो, हे तर लांबून दिसणारसुद्धा नाही.

निवाड्याच्या दिवशी झाडून सगळे आले होते. सर्जेरावांची मंडळी दगडासमोर अशी लोळली, अशी लोळली, की चिखल नसताना चिखलाचा वास आला. लहान पिल्लं टाळ्या पिटत होती. भेकरसुद्धा आलं होतं, चिखल त्यालाही हवा होता. त्यात त्याची चूक नव्हती. उन्हाळा खरंच कडक होता आणि सगळ्यांच्या अंगाची आग होत होती.

मग पंतांची पाळी आली.

ते दगडासमोर उभे राहिले. ही जागा त्यांनी कधी खालून पाहिली नव्हती. वरून समोरचा बारीक दिसतो. खालून आता वरचे आनंदराव मोठे दिसत होते, आणि हसत होते.

पंतांनी डोहाचा विचार केला. करंजाची सावली, गार पाणी, दुपारची शांतता. बांध फुटल्यावर सगळं वाळूत पसरून जाणार. त्यांना असं दुःख झालं, बाळांनो, की सांगता सोय नाही. आणि ते जसजसं वाढत गेलं, तसतशी त्यांची मान आत जाऊ लागली. त्यांनी ती बाहेर ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. पण ती गेली. मग पुढचे पाय गेले. मग मागचे. शेवटी दगडासमोर नुसती एक पाठ उरली.

प्राणी वाट बघत राहिले. कुणीतरी म्हणालं, झोपले वाटतं. कुणी म्हणालं, त्यांना काही विशेष नाही वाटत. सर्जेराव मोठ्या मनाचे, ते पाठीला सुळा लावून हळूच म्हणाले, "पंत, डोह काय, दुसरा मिळेल. एकूण सुखाकडे बघा."

पाठीच्या आत अंधारात पंतांनी ते ऐकलं. ते शब्द ओळखीचे होते.

आनंदरावांना हे सगळं बघवेना. एकट्या त्यांनाच ठाऊक होतं, की बाहेरून दिसतं तसं आत नसतं. ते काहीतरी सांगायला उठले. तोंड उघडलं आणि खदखदून हसले. इतकं हसले की त्यांना बोलताच येईना. जंगलानं तो निकाल समजून जल्लोष केला आणि सर्जेरावांची मंडळी बांधाकडे धावली.

आता तुम्हाला वाटत असेल, की पुढे पाण्याचा दुष्काळ पडला, सगळे तहानेनं व्याकूळ झाले आणि त्यांना पंतांची आठवण झाली. गोष्टीत तसंच व्हायला हवं, हे मलाही कळतं. पण तसं काही झालं नाही. नदी होतीच. चिखल उत्तम झाला. मऊ, गार, सर्वांना पुरेल असा. पिल्लं लोळली, म्हातारी लोळली, वाघमहाराज स्वतः येऊन पाठीवर पडले आणि चारी पाय वर करून म्हणाले, की असं सुख आयुष्यात मिळालं नव्हतं. ते सगळे खरोखरच सुखी झाले. पंतांचं तत्त्व अगदी बरोबर निघालं.

पंत निघाले तेव्हा त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. एका पिल्लानं विचारलं, ते कासव कुठे चाललंय? त्याच्या आईनं मान वर करून बघितलं. चेहरा नेहमीसारखाच होता. ती म्हणाली, फिरायला निघालेत, मजेत आहेत.

डोंगर चढायला पंतांना फार वेळ लागला. पलीकडच्या माळावर ऊन रणरणत होतं. सावली नव्हती, पाणी म्हणजे गुरांच्या खुरांत साचलेलं एक डबकं. आणि डबक्यापासून जरा दूर, दगडगोट्यांमध्ये, अनसाबाई बसल्या होत्या. अंगाखाली नवी अंडी होती.

पंतांना बघताच त्या उठल्या आणि ओरडायला लागल्या. पंख पसरून, मान ताणून. पंत थांबले. पुढे एक पाऊल टाकायची त्यांना हिंमत झाली नाही.

वाटभर त्यांनी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"अनसाबाई," ते म्हणाले, "तो आवाज रोजचा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं."

अनसाबाई ओरडत राहिल्या. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या काही आल्या नाहीत, गेल्या नाहीत, बरं म्हणाल्या नाहीत. पंत तिथेच उन्हात बसले. मान त्यांनी बाहेर ठेवली आणि ते ऐकत राहिले. या वेळी त्यांनी त्यातून काही वजा केलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, दुःख नुसतं खरं असून भागत नाही, ते लांबून दिसावं लागतं. तेव्हा वेळीच एखादी चांगली शिकवणी लावा. आणि चांगल्यावाईटाची पारख करायची झाली, तर नेहमी दगडावर बसून करा, खाली उभं राहिलं की ती नीट जमत नाही. या गोष्टीचंच बघा ना. तुमच्यातले बरेच जण मध्ये मध्ये हसले, म्हणजे गोष्ट चांगली झाली. मागे कोपऱ्यात एक दोघं मान खाली घालून बसलेत. त्यांना झोप लागली असणार, असं मी धरून चालतो.